पहिला उंच डोंगर

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं, हे शाळेतल्या भूगोलापासून आपल्याला पाठ असतं: कळसूबाई, 1646 मीटर. पाठ असलेले सगळेच तिथे जात नाहीत. जे जातात, त्यांतले फार थोडे एकटे जातात. कॉलेजातला गट, ऑफिसातली मंडळी, सोसायटीतली पोरं, मामे-मावस भावंडं असा दहा-बारा जणांचा जथा शनिवारी रात्री निघतो. कोणी कसाऱ्याला लोकलमधून उतरून जीप ठरवतात, कोणी घोटीहून गाडीने भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागतात आणि पहाटे बारी गावात पोहोचतात. त्यांतल्या निम्म्यांनी सिंहगडापलीकडे काही चढलेलं नसतं. आयुष्यातला पहिला उंच डोंगर मराठी माणूस बहुतेक वेळा असाच चढतो, मित्रांच्या आग्रहाने आणि मित्रांच्या भरवशावर.

डोंगराविषयीची माहिती मात्र एकेकट्या माणसाला समोर ठेवून दिलेली असते. बूट कुठले घ्यावेत, पाणी किती प्यावं, रोज किती पायऱ्या चढून सराव करावा, वगैरे. हे सगळं आवश्यकच आहे. पण दहा जण एकत्र चढू लागले की वेग, विश्रांती, पाणी, भीती आणि माघारीचा निर्णय या सगळ्या गोष्टी सामाईक होतात. म्हणून या प्रकरणात कळसूबाईचं उदाहरण घेऊन दोन गोष्टी बरोबरीने पाहू: चढताना शरीरात काय घडतं आणि गटात काय घडतं.

पायाखालचा दगड

कळसूबाई अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या सीमेवर आहे. सह्याद्रीची मुख्य धार उत्तर-दक्षिण जाते. कळसूबाईची रांग तिच्यापासून फुटून पूर्वेकडे गेली आहे. अलंग, मदन, कुलंग हे अवघड किल्ले तिच्या पश्चिमेच्या टोकाला, तर बितनगड, पट्टा, औंढा हे पूर्वेकडे. रांगेच्या उत्तरेचं पाणी दारणेला मिळतं, दक्षिणेचं प्रवरेला. दोन्ही नद्या पुढे गोदावरीत जातात, त्यामुळे माथ्यावर पडलेला पाऊस कुठल्याही बाजूने उतरला तरी अखेर बंगालच्या उपसागरात पोहोचतो.

हा सगळा डोंगर बेसॉल्टचा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथल्या भूपृष्ठाला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. असे अनेक थर भाकरीच्या चळतीसारखे एकावर एक साचले. सगळे थर सारखे टणक नाहीत. काही घट्ट, एकसंध कातळाचे आहेत. काहींत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पांढऱ्या खनिजांनी भरल्या. हे थर लवकर झिजतात. टणक थराचा उभा कडा होतो, ठिसूळ थराचा उतार किंवा सपाट पदर होतो.

चढणाऱ्याच्या दृष्टीने या माहितीला फार किंमत आहे. बारीतून निघाल्यावर आधी शेतं, मग दाट झाडीतला चढ, मग अचानक उभा कातळ आणि त्यावर लोखंडी शिडी, शिडी संपली की थोडी सपाटी, तिच्यामागे पुन्हा कातळ, असा क्रम येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रत्येक कातळ शेवटचा वाटतो. वर गेलं की पुढचा टप्पा दिसतो आणि मन खचतं. लाव्ह्याच्या थरांनी बनलेल्या डोंगरात खोटे माथे असणारच, हे निघण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवलं तर 'आता किती राहिलं' हा प्रश्न निम्म्या वेळा कमी विचारला जातो. ठिसूळ थरांमुळे वाटेवर घसारा तयार होतो. कोरड्या दिवसांत बारीक खड्यांवरून पाय सरकतो, पावसात शेवाळलेल्या कातळावरून. बुटाच्या तळव्याला खोल नक्षी हवी ती या दोन्हींसाठी.

वेळेचं गणित

बारी ते माथा हे चालण्याचं अंतर तीन-साडेतीन किलोमीटर आहे. कागदावर हे काहीच नाही; सकाळी फिरायला जाणारी माणसं रोज एवढं चालतात. पण या अंतरात सुमारे नऊशे मीटर वर जायचं असतं, आणि डोंगरात वेळ खातो तो हा चढ.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा हिशेब मांडला, तो आजही जगभर वापरतात. दर पाच किलोमीटर चालण्याला एक तास धरा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवा. कळसूबाईला हा हिशेब लावला तर अंतराची चाळीस मिनिटं आणि चढाचा दीड तास, म्हणजे सव्वादोन तासांच्या आत माथा यायला हवा. नेस्मिथचा माणूस मात्र सराव असलेला, तगडा आणि न थांबता चालणारा आहे. नवख्या गटाला चढायला तीन ते चार तास लागतात. सुटीच्या दिवशी शिडीपाशी रांग असली तर त्याहून जास्त. उतरायला दोन ते तीन तास. खाणं-पिणं, माथ्यावर थांबणं धरलं की आठ तासांचा दिवस होतो.

हा हिशेब घरी बसून करायचा, कारण त्यावरून दोन वेळा ठरतात: निघण्याची आणि परत फिरण्याची. दुसरी वेळ जास्त महत्त्वाची. 'माथा येवो न येवो, अमुक वाजता मागे वळायचं' हे खालीच ठरवायला हवं. वर गेल्यावर दमलेला, उत्साही आणि माथा समोर पाहणारा गट तो निर्णय नीट घेऊ शकत नाही. एव्हरेस्टवर 10 आणि 11 मे 1996 या दोन दिवसांत वादळात सापडून आठ जण दगावले. दुपारी उशिरापर्यंत माथ्याकडे चालत राहणं हे त्या दुर्घटनेमागच्या ठळक कारणांपैकी एक होतं, आणि तिथे तर अनुभवी वाटाडे होते. कळसूबाईवर इतकं भयंकर काही पणाला लागत नाही. तरी शिडीवर अंधार गाठला, विजेरी दोघांकडेच आणि उतरणारे बारा जण, ही वेळ पुष्कळ गटांवर येते.

धाप का लागते

चढ सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं सर्वांत वाईट जातात. छाती भरून येते, कानशिलं तापतात, आपल्याला हे जमणार नाही याची खात्री पटते. याचं कारण साधं आहे. मांडीच्या स्नायूंनी एकदम जास्त ऑक्सिजन मागितलेला असतो आणि हृदय व फुप्फुसं त्या मागणीला पोहोचायला काही मिनिटं घेतात. तोवर स्नायू ऑक्सिजनशिवाय साखर जाळून काम भागवतात आणि पाय भरून येतात. सुरुवात मुद्दाम संथ ठेवली तर हा त्रास निम्म्याने टळतो. उत्साहाच्या भरात पहिला चढ पळत चढणारा गडी तासाभराने झाडाखाली बसलेला दिसतो, तो यामुळेच. योग्य वेग ओळखायला यंत्र लागत नाही. चालता चालता एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागत असेल तर कमी करायला हवा.

उंचीमुळे हवा विरळ झाली म्हणून धाप लागली, असं पुष्कळ जणांना वाटतं. कळसूबाईच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 82 टक्के असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे 21 टक्केच राहतं, पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात तो थोडा कमी येतो. निरोगी माणसाला एवढी घट सहज पेलते. विरळ हवेचा आजार साधारणपणे 2500 मीटरच्या वर सुरू होतो. सह्याद्रीतली धाप ही चढाची आणि कमी सरावाची असते. छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणं, थांबूनही श्वास न बसणं ही मात्र वेगळी लक्षणं आहेत. त्यांना 'दम लागलाय' म्हणून सोडून न देता त्या माणसाला तिथेच बसवून 112 क्रमांकावर मदत मागवायची.

आता खर्चाकडे पाहू. साठ किलोचा माणूस नऊशे मीटर वर नेण्याचं निव्वळ भौतिक काम सुमारे 125 किलोकॅलरींचं आहे. पण आपले स्नायू घेतलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा कामात आणतात, उरलेली उष्णता होते. म्हणजे निव्वळ चढायलाच पाचशे किलोकॅलरी किंवा त्याहून थोड्या जास्त लागतात, आणि त्यांतल्या पाऊण भागाने अंग तापतं. ती उष्णता बाहेर टाकायला घाम हवा. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाणं नेहमीचं आहे. त्यात मीठही जातं. म्हणून नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा मीठ-साखर घातलेलं लिंबूसरबत किंवा ओआरएस घोट घोट घेत राहावं, आणि माणशी किमान तीन लिटर पाणी न्यावं. वाटेत सरबत-ताकाच्या टपऱ्या आहेत, माथ्याच्या अलीकडे विहीर आहे. पण गर्दी नसलेल्या दिवशी टपरी बंद असते आणि उन्हाळ्यात विहिरीचा भरवसा धरू नये. खायला शेंगदाणे-गूळ, खजूर, दशमी, उकडलेले बटाटे हे चांगलं. वेफर्सच्या पाकिटांनी पिशवी फुगते, पोट भरत नाही.

सोबत कोणाची

इटालियन कवी पेत्रार्क याने 1336 च्या एप्रिलमध्ये दक्षिण फ्रान्समधला मों व्हाँतू हा सुमारे 1900 मीटर उंचीचा डोंगर चढल्याचं एका पत्रात लिहून ठेवलं आहे. या पत्रातला सर्वांत मजेदार भाग चढाईच्या आधीचा आहे. बरोबर कोणाला न्यावं यावर त्याने बराच खल केला. एक मित्र फार संथ, दुसरा फार घाईचा. कोणी अति उदास, कोणी अति आनंदी. कोणी जाडा, कोणी हडकुळा. कोणाचं गप्प बसणं नको, कोणाचं बोलणं नको. घरी चालून जाणारे हे दोष प्रवासात जड होतात, असं त्याला वाटलं. शेवटी त्याने धाकट्या भावाला, गेरार्दोला बरोबर घेतलं. मग वर काय झालं? भाऊ सरळ धारेने चढत गेला आणि पेत्रार्क सोपी वाट शोधत पुन्हा पुन्हा खाली दरीत उतरत राहिला, दमला आणि मागे पडला. निवडीत सगळ्यांचे दोष मोजणारा स्वतःच गटातला संथ गडी निघाला.

प्रत्येक गटात असा कोणी असतोच, आणि तो कोण हे खाली गावात कळत नाही. जिम करणारा मित्र पहिल्या तासात थकतो आणि कायम बसून काम करणारी मैत्रीण एका लयीत माथ्यापर्यंत जाते, असंही होतं. संथ माणूस कळला की पुढे काय करायचं यावर गटाचा सगळा दिवस अवलंबून असतो. सर्वसाधारणपणे होतं ते असं: वेगवान चौघं पुढे जातात, सावलीत बसतात, मागच्यांची वाट पाहतात. मागचा धापा टाकत पोहोचला की 'चला, आलात ना!' म्हणत उठतात. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना वीस मिनिटं मिळाली, आणि ज्याला होती त्याला शून्य. असं तीन-चार वेळा झालं की तो संथ माणूस शरीराने आणि मनाने, दोन्हीकडून संपतो. लाजेखातर तो काही बोलत नाही. पाय मुरगळतो तो अशाच अवस्थेत.

डोंगरातली जुनी मंडळी यावर एक साधा उपाय करतात. वाट माहीत असलेला एक जण पुढे, लीड म्हणून. त्याच्या लगेच मागे सर्वांत संथ माणूस. सर्वांत तगडा, शांत डोक्याचा गडी शेवटी, टेल म्हणून. त्याच्या मागे गटातलं कोणीही राहायचं नाही. प्रत्येक फाट्यावर आणि प्रत्येक शिडीपाशी थांबून मोजणी करायची. शेवटचा माणूस पोहोचल्यावर विश्रांतीची वेळ सुरू होते, आधी नाही. औषधं आणि दोरी टेलकडे, कारण मदत लागते ती मागे. या रचनेत वेगवान मंडळी सुरुवातीला कुरकुरतात. पण गटाचा एकूण वेळ पाहिला तर तो कमी भरतो, कारण लांबलचक थांबे नाहीसे होतात.

दुसरी गोष्ट फुटून न जाण्याची. धुक्यात किंवा दाट झाडीत कोणी मागे राहिलं तर त्याने पुढे धावायचं नाही. शेवटच्या ओळखीच्या जागी थांबायचं, शिट्टी वाजवायची. एका ठिकाणी थांबलेला माणूस सापडतो, हलत राहिलेला सापडत नाही. प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी असावी. हाका मारून घसा तासाभरात बसतो, शिट्टी वाजत राहते.

शिड्या

कळसूबाईची कीर्ती तिच्या शिड्यांमुळे आहे. पूर्वी ज्या उभ्या कातळांवर साखळ्या धरून चढत, तिथे आता लोखंडी जिने आणि कठडे आहेत. त्यामुळे ज्येष्ठ नागरिक, लहान मुलं, नवरात्रात नवस फेडायला येणाऱ्या बाया-बापड्या, सगळे माथ्यावर जाऊ शकतात. उंचीची भीती वाटणाऱ्याला मात्र शिडी हाच डोंगर असतो. भीती ही शरीराची खरी प्रतिक्रिया आहे. तळवे घामेजतात, गुडघे थरथरतात, पकड सुटते. अशा वेळी खालून हसणं आणि वरून 'काही नाही रे' म्हणणं दोन्ही निरुपयोगी. एकाने पुढे, एकाने मागे राहावं, त्याने समोरच्या पायरीकडेच पाहावं, दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले ठेवावेत आणि एकाच वेळी एकच हलवावा. तरीही जमलं नाही तर त्याला एकटं परत पाठवायचं नाही. कोणीतरी एकाने त्याच्याबरोबर थांबायचं, आणि तो एक कोण हे बाकीच्यांनी चिठ्ठ्या न टाकता ठरवायचं.

वरच्याच्या पायाखालून दगड सुटतो तेव्हा सगळ्यांनी ओरडायचा शब्द एकच: 'दगड!' खालच्यांनी मान वर करून पाहायचं नाही. कड्याला चिकटायचं आणि डोकं सॅकखाली घ्यायचं. कातळाच्या पोटात आग्या मोहोळं असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा यांनी मधमाश्या उठतात. उठल्या तर सैरावैरा हात न उडवता तोंड झाकून तिथून शक्य तितक्या लवकर दूर जायचं, पण कड्याच्या कडेकडे नाही.

माथा

माथ्यावर कळसूबाईचं छोटंसं देऊळ आहे. चपला-बूट काढून आत जायचं आणि गर्दी असेल तर लवकर बाहेर यायचं, एवढीच इथली रीत. लोककथा सांगते ती अशी: कळसू ही कोळ्यांची पोर. रानात भटकण्याची तिला आवड. ती इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, पण केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, या अटीवर. एके दिवशी पाहुणे आले आणि घरच्यांनी तिला भांडी घासायला लावली. तिने ती घासली, आणि तशीच डोंगरावर निघून गेली ती परतली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, आणि राहिली तो माथा कळसूबाईचा. दिलेला शब्द मोडल्यावर घर सोडणाऱ्या एका कामकरी मुलीचं नाव राज्यातल्या सर्वांत उंच जागेला आहे. आजूबाजूच्या महादेव कोळी वस्त्यांची ती देवी आहे. सहलीला आलेल्यांनी तिच्या अंगणात स्पीकर लावू नये, हे वेगळं सांगायला लागू नये.

हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी दिसतं. प्रवरेवरचं हे विल्सन धरण 1926 मध्ये पुरं झालं. त्याच्या मागे रतनगड आणि आजोबा, आणखी दक्षिणेला हरिश्चंद्रगड. पश्चिमेला अलंग-मदन-कुलंगचे तुटलेले कडे. उत्तरेला अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर. पूर्वेला पट्टा किल्ला, जिथे 1679 मध्ये जालन्याच्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांनी विश्रांती घेतली आणि जो त्यावरून विश्रामगड झाला. नकाशा छापून नेला आणि एकेका डोंगराचं नाव लावत बसलं, तर अर्धा तास कसा गेला कळत नाही. ढगात असाल तर दहा फुटांपलीकडे काहीच दिसणार नाही, आणि तेही जून ते सप्टेंबरमध्ये अगदी नेहमीचं आहे. समुद्रावरून आलेलं बाष्प सह्याद्रीला धडकून वर चढतं, थंड होतं आणि ढग होऊन माथ्यावरच बसून राहतं. जवळचं घाटघर महाराष्ट्रातल्या अति पावसाच्या गावांत गणलं जातं ते यामुळेच.

उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे बारीपेक्षा माथा पाच-सहा अंशांनी थंड असतो. त्यात वारा आणि घामाने भिजलेला शर्ट. चढताना उकडत होतं म्हणून जॅकेट गाडीत ठेवून आलेला माणूस माथ्यावर पंधरा मिनिटांत कुडकुडतो. कोरडा बनियन आणि वारा अडवणारं जॅकेट सॅकमध्ये हवंच.

सर्वांत मोठा धोका विजेचा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर गडगडाटी ढग उठतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची तुमच्या माथ्यावर पडू शकते. लगेच माथा सोडायचा, पण जवळच्या लोखंडी शिडीवर गर्दी करायची नाही. लोखंड, धार, एकटं झाड ही तिन्ही टाळायची. आणि एरवी 'एकत्र राहा' म्हणणाऱ्या गटाने इथे उलटं करायचं: एकमेकांपासून दहा-पंधरा मीटर अंतर ठेवून विखुरायचं, म्हणजे एका विजेने सगळे आडवे होत नाहीत आणि मदत करायला कोणीतरी उरतो. या सगळ्यावरचा खरा उपाय म्हणजे पहाटे निघून दुपारी खाली असणं.

उतार

माथा गाठला की मोहीम झाली असं वाटतं, पण दिवसाचा अर्धा भाग पुढेच असतो. चढताना हृदय-फुप्फुसं दमतात. उतरताना गुडघे आणि मांड्या. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो आणि ब्रेकचं काम करतो. या ताणाखाली स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि तिची सूज पुढच्या एक-दोन दिवसांत जाणवते. सोमवारी ऑफिसच्या जिन्याने उतरताना कठडा धरणारा माणूस रविवारी कुठे होता ते सांगावं लागत नाही. हे दुखणं तीन-चार दिवसांत आपोआप जातं आणि सराव वाढला की पुढच्या वेळी कमी होतं.

उतरताना पावलं छोटी टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, टाचेवर आपटत जाऊ नये. काठी असली तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. पळत उतरण्याचा मोह सर्वांत वाईट. दमलेले स्नायू वेळेवर थांबू शकत नाहीत. घसाऱ्यावर एकामागे एक लगटून न जाता मध्ये अंतर ठेवावं. लीड-टेलची रचना उतरतानाही तशीच ठेवावी. गावातले दिवे दिसू लागले की गट फुटतो, जो तो चहाकडे धावतो आणि मागचा एकटा राहतो. म्हणून शेवटची मोजणी पायथ्याच्या गावात करायची.

यानंतर

कळसूबाई झाली की पुढचे डोंगर आपोआप दिसू लागतात. बागलाणातला साल्हेर 1567 मीटरचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. रतनगड, हरिश्चंद्रगड, हरिहर हे वाटेच्या दृष्टीने पुढच्या इयत्तेतले. अलंग-मदनच्या कड्यांना मात्र दोर, तंत्र आणि जाणकार बरोबर हवेत. तिथे केवळ उत्साहाने जाऊ नये.

कोणी हिमालयाकडे वळतो. तिथे सह्याद्रीतली धाप आणि विरळ हवेचा आजार यांतला फरक कळीचा ठरतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही आजाराची सुरुवात असते. 3000 मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण 500 मीटरहून जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, आणि लक्षणं वाढली तर औषधाची वाट न पाहता खाली उतरावं. चालताना तोल जाणं, बसल्या जागीही दम लागणं ही जिवावरची लक्षणं. हिमालयात ती लपवणारा मित्रांसमोर मर्दुमकी दाखवणाराच असतो. ज्यांना खरंच गिर्यारोहण शिकायचं आहे त्यांच्यासाठी दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट 1954 पासून आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग 1965 पासून प्राथमिक अभ्यासक्रम चालवतात. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने 2012 मध्ये एकाच मोहिमेतून आठ जणांना एव्हरेस्टवर पोहोचवलं. अशा मोहिमांतल्या मराठी मुलामुलींचं पहिलं शिक्षण सह्याद्रीच्या कडेकपारीतच झालेलं असतं.

पहिल्या डोंगरासाठी मात्र यातलं काही लागत नाही. पहाटे निघा. परत फिरायची वेळ आधी ठरवा आणि पाळा. सर्वांत संथ माणसाला लीडच्या मागे ठेवा आणि तो पोहोचल्यावरच विश्रांती मोजायला लागा. कोणी एक जण थांबला तर त्याच्याबरोबर थांबायला तयार असा. प्लॅस्टिकची प्रत्येक बाटली खाली आणा. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे आणि वरच्या कचऱ्याचा भार शेवटी बारीच्या माणसांवरच पडतो. माथा कोण आधी पोहोचलं यावर मोजू नका. बारा निघाले आणि बारा धडधाकट खाली आले, तर ती चढाई यशस्वी झाली. मग माथा लागला असो वा नसो.